ममी करताना मेंदू नाकातून नेमका कसा काढत?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि आधी तुमच्या लेकीचं कौतुक करावंसं वाटलं. प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना आकड्याने मेंदू नाकातून ओढून काढत, हे तिने सातवीच्या प्रकल्पासाठी वाचलं आणि तुम्हाला विचारलं, "बाबा, एवढा मोठा मेंदू एवढ्याशा नाकपुडीतून बाहेर येईलच कसा?" चेहरा बिघडत नसे का आणि बाकीचे अवयव जपणाऱ्या लोकांनी मेंदूच का टाकून दिला, हेही तिने पुढे विचारलं. तुम्हाला उत्तर देता आलं नाही म्हणून तुम्ही इथे लिहिलंत. मुलीची शंका अगदी रास्त आहे. आकड्याने ओढून मेंदू अख्खा बाहेर येत नाही. येऊच शकत नाही.

मी शरीररचनाशास्त्र शिकवते, त्याला आता सव्वीस वर्षं होतील. देहदानातून आलेल्या देहात रसायनं भरून तो टिकवणं, ज्याला आम्ही एम्बामिंग म्हणतो, हे वैद्यकीय महाविद्यालयात आमच्याच विभागाकडे असतं. ममीवर मी काम केलेलं नाही. पण मेलेल्या माणसाचा मेंदू किती तासांत कसा बदलतो, तो हातात कसा लागतो, कवटीतून सुटताना कुठे अडतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यामुळे इजिप्तच्या कारागिरांसमोर काय अडचण होती, याचा अंदाज मला पुस्तकातल्यापेक्षा हातांच्या सवयीतून येतो. उत्तर मी त्याच बाजूने देते.

आधी मेंदू हा पदार्थ काय आहे ते पाहू. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. प्रयोगशाळेतल्या बरणीत दिसणारा घट्ट, रबरासारखा मेंदू हा फॉर्मालिनने घट्ट केलेला असतो. तो बघून सगळ्यांची फसगत होते. ताजा मेंदू नुकत्याच लागलेल्या खरवसासारखा असतो. बोट टेकवलं तर खड्डा पडतो, हातात नीट तोलून धरला नाही तर स्वतःच्याच वजनाने पसरतो. मटणाच्या दुकानात भेजा पाहिला असेल तर कल्पना येईल. विद्यार्थ्यांना मी स्वयंपाकघरातल्याच उपमा देते, कारण त्या हाताला लगेच कळतात. ज्यांनी देह दिला त्यांच्याबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही.

आता या खरवसात एक वाकडी तार घाला आणि ओढा. तार त्याला कापत बाहेर येते. टोकाला चिकटलेला थोडासा लगदा येतो, बाकीचं सगळं जागच्या जागी. आकड्याला धरायला काहीतरी चिवट लागतं आणि मेंदूत चिवट असं फारसं काही नाही. चिवट असतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, त्यांच्याकडे पुढे येते. आजही आम्हाला मेंदू अख्खा काढायचा असेल तर कवटीचा वरचा भाग करवतीने गोल कापून टोपीसारखा उचलावा लागतो. मग आवरण कापायचं, पुढचा भाग हलकेच उचलायचा, खालच्या नसा एकेक करून तोडायच्या, मागचा पडदा कापायचा, मज्जारज्जू जितका खाली शक्य तितका छेदायचा, तेव्हा कुठे मेंदू ओंजळीत येतो. कवटी सताड उघडी असताना एवढे सायास. नाकातून हे करता येण्याचा प्रश्नच नाही.

पण नाकाची वाट त्यांनी अचूक निवडली होती, याचं मला दर वेळी नवल वाटतं. नाकपुडीतून सरळ वर, किंचित मागे गेलं की साधारण सहा-सात सेंटीमीटरवर नाकाचं छत लागतं. तिथे एथमॉइड नावाचं हाड आहे. त्याचा एक भाग चाळणीसारखा भोकं भोकं असलेला असतो, कारण वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे त्यातूनच नाकात उतरतात. वैद्यकीय नाव क्रिब्रिफॉर्म प्लेट. लॅटिनमध्ये क्रिब्रम म्हणजे चाळणीच. बाकीची कवटी फोडायला हातोडा लागेल, पण या चाळणीच्या कडेचं हाड काही ठिकाणी एक मिलिमीटरही जाड नसतं. सायनसची शस्त्रक्रिया करणारे नाक-कान-घसा तज्ज्ञ आजही या जागेला जपून असतात, कारण हात जरा चुकला तर मेंदूभोवतीचा द्रव नाकातून ठिबकू लागतो. आज जी जागा आपण टाळतो, तीच त्यांनी दार म्हणून वापरली. टोकदार दांडी घालायची, एक झटका द्यायचा, हाड मोडतं. ममींच्या सीटी स्कॅनमध्ये हे मोडलेलं छत स्पष्ट दिसतं. बऱ्याचदा हाडाच्या कपच्या कवटीच्या आत पडलेल्या असतात, म्हणजे मार खालून वर बसला होता. आणि अनेक ममींत वाट डाव्या नाकपुडीतून गेलेली आहे.

दांडी आत गेली, हाड मोडलं. आता तो खरवस बाहेर कसा येणार?

इथे हिरोडोटसचं एक वाक्य नीट वाचायला हवं. हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. ४५०च्या सुमारास इजिप्तला गेला आणि त्याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ममी करण्याच्या तीन प्रती सांगितल्या : महाग, मध्यम आणि स्वस्त. महागड्या प्रतीत आधी वाकड्या लोखंडाने नाकपुड्यांतून मेंदू काढतात, असं तो लिहितो. पण वाक्य तिथे संपत नाही. काही भाग असा काढतात आणि काही भाग आत औषधं ओतून, असं तो पुढे म्हणतो. शाळेच्या पुस्तकांनी, माहितीपटांनी, आपण सगळ्यांनीच त्या वाक्याचा पहिला अर्धा उचलला. आकडा लक्षात राहिला, ओतणं विसरलं. माझ्या मते सगळी गुरुकिल्ली त्या विसरलेल्या अर्ध्यात आहे.

आत काही पातळ ओतायचं, दांडी आत घालून गोल गोल फिरवायची, मेंदू ढवळून पातळ करायचा आणि मग देह पालथा करून तो नाकातून बाहेर वाहू द्यायचा. ते हत्यार ओढण्यापेक्षा घुसळण्याच्या कामाचं होतं. आपल्या घरातलं त्याच्या सगळ्यात जवळचं अवजार म्हणजे ताक करायची रवी.

हे नुसतं माझं अनुमान नाही. १९९४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला बॉब ब्रायर हे इजिप्तविद्येचे अभ्यासक आणि मेरिलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतले रोनाल्ड वेड या दोघांनी, देहदानातून मिळालेल्या एका माणसाच्या देहाची प्राचीन पद्धतीने ममी केली. हत्यारं जुन्या नमुन्यांबरहुकूम घडवून घेतली. शेकडो किलो नॅट्रॉन वापरलं. नॅट्रॉन म्हणजे पापडखाराच्या जातीचा सोडा आणि मीठ एकत्र असलेला नैसर्गिक क्षार, कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाच्या खोलगट भागात तो मिळतो. मेंदूची वेळ आली तेव्हा आकड्याने ओढून त्यांना काहीच साधेना. शेवटी नाकावाटे पाणी सोडून, आत दांडी फिरवून त्यांनी मेंदू पातळ केला आणि देह पालथा करून तो वाहू दिला. एम्बामिंग करणाऱ्या कुणालाही हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा पुरावा क्रोएशियातला. झाग्रेबच्या पुराणवस्तू संग्रहालयातल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या ममीचं २००८ साली सीटी स्कॅन झालं, तेव्हा तिच्या कवटीच्या मागच्या भागात राळेपाशी अडकलेली एक काडी दिसली. एंडोस्कोपने काढून तपासली तर ती धातूची नव्हतीच, एकदल वनस्पतीची होती. ताड, बांबू यांचा हा गट. लांबी साधारण आठ सेंटीमीटर. काम करता करता मोडली, आतच राहिली आणि कारागिराने पुढचे सोपस्कार उरकले. संग्रहालयांत जपलेली मेंदू काढायची हत्यारं बहुतेक ब्राँझची असतात. ही काडी सांगते की रोजच्या कामाला बांबूसारखी स्वस्त काडीही चालत असे. मऊ पदार्थ ढवळायला लोखंडाची गरजच काय?

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवातली. मी नुकतीच नोकरीला लागले होते. ऐन मे महिन्यात, दूरच्या गावातून एक देह आमच्याकडे दीड दिवसाने पोचला. आम्ही नेहमीप्रमाणे मांडीच्या धमनीतून रसायन भरलं. हातापायांना, पोटाला ते छान लागलं, पण डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गोठलेल्या रक्ताने बुजलेल्या होत्या आणि ते आमच्या वेळेत ध्यानात आलं नाही. काही महिन्यांनी विद्यार्थ्यांसमोर कवटी उघडली तेव्हा आत मेंदूच्या जागी करडा-हिरवट, पातळ पिठल्यासारखा लगदा होता. टोपी उचलताच तो टेबलावर वाहिला. मला फार वाईट वाटलं. त्या घरच्यांनी विश्वासाने दिलेल्या देहातला एक भाग आमच्या हलगर्जीमुळे शिकवण्याच्या कामी आला नाही. तेव्हापासून मी डोक्याचं एम्बामिंग मानेतल्या धमनीतून वेगळं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पण इजिप्तच्या कारागिरांचं काम सोपं कसं होत असेल, हेही मला त्याच दिवशी समजलं. उष्ण हवेत मेंदू स्वतःच्याच विकरांनी विरघळू लागतो. पहिल्या दिवशीचा खरवस दोन-तीन दिवसांत ओतता येईल असा होतो. हिरोडोटस आणखी एक गोष्ट सांगतो : प्रतिष्ठितांच्या बायकांचे आणि देखण्या स्त्रियांचे देह तीन-चार दिवस उलटल्यावरच कारागिरांच्या हवाली करत. कारण त्याने वेगळं दिलं आहे, कारागिरांच्या गैरवर्तनाची भीती. पण नाईलच्या उन्हात चार दिवस गेल्यावर मेंदूला घुसळायचीसुद्धा फारशी गरज उरली नसेल.

आता त्या चिवट आवरणांकडे येते. मेंदूभोवती ड्युरा नावाचं जाड, चामड्यासारखं आवरण असतं. त्याच्याच दोन घड्या पडद्यांसारख्या आत उतरतात, एक दोन्ही गोलार्धांच्या मध्ये उभी, दुसरी मागच्या बाजूला आडवी, लहान मेंदूवर छत धरावं तशी. आकड्याने ओढाओढ करून कवटी रिकामी केली असती तर आकडा सर्वांत आधी याच पडद्यांत अडकला असता आणि त्यांच्या चिंध्या झाल्या असत्या. पण मेंदू काढलेल्या कित्येक ममींच्या स्कॅनमध्ये हे पडदे रिकाम्या कवटीत जागच्या जागी, वाळलेले दिसतात. आजूबाजूचा मऊ भाग वाहून गेला, चिवट पडदा राहिला. ओढून काढलेल्या मेंदूची ही खूण नव्हे, ओतून काढलेल्याची आहे. आकडा निरुपयोगी होता असं मी म्हणत नाही. हाड फोडायला, भोक मोठं करायला, अडकलेला तुकडा किंवा आवरणाचा फाटका भाग ओढायला तो लागत असणारच. मुख्य काम मात्र त्याचं नाही.

इथपर्यंतचं मुलीला एका दमात सांगायचं तर असं : नाकपुडीतून दांडी वर घालून पातळ हाड फोडायचं, आत पातळ सोडून मेंदू घुसळायचा, देह पालथा करून तो नाकातून काढायचा, उरलंसुरलं काडीने आणि कापडाने पुसून घ्यायचं. नाकपुडी मेंदूएवढी मोठी असायची गरज नाही, कारण मेंदू मेंदूच्या आकारात बाहेर येतच नाही. हाडातलं भोक बहुधा दीड-दोन सेंटीमीटरचं असतं आणि पातळ पदार्थाला ते पुष्कळ झालं.

रिकाम्या कवटीचं पुढे काय करत, हा भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. काही कवट्यांत तागाच्या कापडाच्या पट्ट्या नाकातूनच कोंबून भरलेल्या सापडतात. काहींत तापवून पातळ केलेली राळ ओतलेली असते. पातळ पदार्थ थिजताना आपली पातळी सपाट ठेवतो, त्यामुळे राळ ओतली त्या घटकेला देह कसा ठेवला होता हे हजारो वर्षांनंतर क्ष-किरणांत वाचता येतं. देह उताणा असेल तर राळ डोक्याच्या मागच्या बाजूला साचते आणि वर सरळ रेघ उमटते. तुतनखामेन या राजाच्या कवटीत अशा दोन पातळ्या आहेत, एकमेकींशी काटकोनात. एक डोक्याच्या मागच्या बाजूला, दुसरी टाळूकडे. म्हणजे एकदा तो उताणा होता आणि एकदा त्याचं डोकं खाली लोंबत होतं, राळ दोन वेळा ओतली. १९६८ साली लिव्हरपूल विद्यापीठातले शरीररचनातज्ज्ञ हॅरिसन यांनी थडग्यातच त्याची क्ष-किरण चित्रं घेतली आणि २००५ साली त्याचं सीटी स्कॅन झालं. राजा मेल्यावर त्या कामशाळेत काय काय हालचाल झाली, ते या दोन सरळ रेघांनी सांगितलं. कुठल्याही पपायरसात, म्हणजे त्यांच्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या गुंडाळीत, ते लिहिलेलं नाही.

या राळेबद्दल एक जोडून सांगते. इजिप्तमध्ये कैरोजवळ सक्कारा इथे २०१६ साली ममी करण्याची एक कामशाळा सापडली, साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली. तिथल्या भांड्यांवर कशासाठी काय वापरायचं हे लिहिलेलं आहे, काहींवर चक्क डोक्यासाठी म्हणून. आत चिकटलेल्या अंशांचं रासायनिक पृथक्करण २०२३ साली प्रसिद्ध झालं. पिस्त्याच्या जातीच्या झाडाची राळ, देवदार-जुनिपरची तेलं, एरंडेल, मेण, प्राण्यांची चरबी, आणि त्याबरोबर डामर नावाची राळ, जिची झाडं आग्नेय आशियाच्या जंगलांत होतात. आपल्याकडे पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी राळ सालाच्या झाडाची, आणि तो साल या डामर देणाऱ्या झाडांच्याच कुळातला. तुमच्या मुलीला वासाची कल्पना द्यायची असेल तर ती राळ थोडी निखाऱ्यावर टाकून दाखवा.

चेहऱ्याचं काय? सगळी मोडतोड नाकाच्या आत होते. मधला पडदा, बाजूच्या शंखासारख्या वळणदार हाडांच्या पट्ट्या मोडतात, बाहेरची त्वचा मात्र लवचीक असते, ताणते आणि परत येते. नंतर नाकपुड्यांत कापडाचे बोळे किंवा मेण-राळ भरून आकार सावरत. बऱ्याच ममींची नाकं बसकी दिसतात, पण तो बहुतेक वेळा घट्ट बांधलेल्या पट्ट्यांचा परिणाम असतो. रॅमसेस दुसरा याचं गरुडासारखं बाकदार नाक मात्र ३२०० वर्षांनंतरही उठून दिसतं. १९७६ साली त्याची ममी उपचारांसाठी पॅरिसला नेली होती, तेव्हा त्या नाकाचं गुपित कळलं : आत आधाराला एका प्राण्याचं छोटं हाड होतं आणि नाकात काळे मिरे भरले होते. मिरी इजिप्तमध्ये होत नाही. ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची, मलबारची. इ.स.पू. १२१३ साली मेलेल्या राजाच्या नाकात ती पोचली याचा अर्थ अरबी समुद्रावरून, कितीही हात बदलत का होईना, माल तेव्हाही जात होता. इतिहासाच्या शिक्षकांना विचारून हे प्रकल्पात नक्की घालायला सांगा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. ममीची प्रथा तीन हजार वर्षं चालली. एवढ्या काळात एकच कृती टिकली असेल असं मानणं म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या घरांत पुरणपोळी एकाच मापाने होते असं मानणं. सुरुवातीच्या, पिरॅमिडांच्या काळात मेंदू बहुधा तसाच ठेवत. मध्य राज्य म्हणतात त्या काळात, साधारण इ.स.पू. २०००नंतर, काढायला सुरुवात झालेली दिसते, नव्या राज्यात, म्हणजे साधारण इ.स.पू. १५५०नंतर, ते बरंच रूढ झालं आणि पुढे सामान्य लोकांच्या ममींतही दिसतं. पण नव्या राज्याच्या आरंभीचा राजा आमेनहोटेप पहिला घ्या. २०२१ साली इजिप्तच्या क्ष-किरणतज्ज्ञ सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी त्याची ममी न उघडता सीटी स्कॅनने तपासली, तर मेंदू वाळलेल्या अवस्थेत कवटीतच होता. राजा होता, पैशाची कमी नव्हती, तरी काढला नाही. त्याचा बाप आहमोस पहिला याच्या बाबतीत, कैरोत शरीररचनाशास्त्र शिकवणारे इलियट स्मिथ यांनी मानेचा पहिला मणका गायब असल्याचं आणि कवटीत कापड भरल्याचं नोंदवलं. त्यांच्या मते इथे वाट नाकातून नव्हती, मानेकडून, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून होती. बापाची एक रीत, मुलाची दुसरी. कॅनडातले अभ्यासक अँड्र्यू वेड आणि अँड्र्यू नेल्सन यांनी पुष्कळ ममींची स्कॅन एकत्र तपासली तेव्हा हेच पुढे आलं : हिरोडोटसने सांगितलेल्या ठरीव तीन प्रती प्रत्यक्षात इतक्या ठरीव नव्हत्या. काळ, गाव, खर्च आणि कारागिराचा हात, सगळ्याने फरक पडे.

आमेनहोटेपचा मेंदू आतच वाळला, यावरून आणखी एक प्रश्न निघतो. मेंदू न काढताही देह टिकत असेल तर काढायचाच कशाला? त्यात जवळजवळ लिटरभर पाणी असतं, तो हाडाच्या बंद पेटीत असतो आणि बाहेरून लावलेलं नॅट्रॉन तिथे पोचत नाही, म्हणून काढणं शहाणपणाचं, हे खरं आहे. पण मला ते पूर्ण उत्तर वाटत नाही. माझं मत असं की जागा रिकामी करण्याइतकंच ती भरणंही त्यांना महत्त्वाचं होतं. सुगंधी राळ ही त्यांच्यासाठी देवांच्या देहाशी नातं असलेली वस्तू होती. सडणारा पदार्थ काढून त्या जागी न सडणारा, सुवासिक पदार्थ ठेवणं म्हणजे त्या माणसाला देवांच्या जवळ नेणं. त्या नजरेने पाहिलं तर कवटीतली राळ हे आमच्या फॉर्मालिनसारखं नुसतं टिकवणीचं रसायन उरत नाही.

आणि मेंदू टाकून का दिला? यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी यांना चार झाकणाच्या भांड्यांत जागा मिळाली, प्रत्येकाला एकेक रक्षक देव मिळाला. हृदय देहातच ठेवलं, कारण बुद्धी, आठवण, सदसद्विवेक सगळं तिथे राहतं अशी श्रद्धा होती. मेल्यानंतर तराजूत मात या सत्याच्या देवीच्या पिसासमोर हृदय तोललं जाई. मेंदूला ना भांडं, ना देव. यावरून इजिप्तच्या लोकांना मेंदूचं काही कळतच नव्हतं असं सर्रास लिहिलं जातं, तेव्हा मला वाद घालावासा वाटतो. इ.स.पू. १६००च्या सुमाराचा एडविन स्मिथ पपायरस हा शस्त्रवैद्यकाचा ग्रंथ आहे, त्यात ४८ रुग्णांच्या नोंदी आहेत. सहाव्या नोंदीत कवटी फुटून मेंदू उघडा पडला आहे. त्याच्या वळ्या वितळलेल्या तांब्यावर उठणाऱ्या लहरींसारख्या दिसतात, असं वैद्य लिहितो, आणि बोटांखाली तो धडधडतो, तान्ह्या बाळाची टाळू भरायच्या आधी धडधडते तसा. ज्याने स्वतः बोट ठेवून पाहिलं आहे तोच असं लिहू शकतो. कानशिलाजवळची कवटी फुटलेल्या माणसाची वाचा जाते, हेही त्याच पपायरसात आहे. तेव्हा वैद्यांना मेंदूचं महत्त्व जाणवत होतं. पण मन कुठे राहतं याचा निवाडा वैद्याने केला नव्हता, धर्माने केला होता. आपलंच पाहा ना, मेंदूबद्दल सगळं शिकूनही आपल्याला एखादी गोष्ट काळजाला लागते आणि मन छातीशी भरून येतं. मी स्वतः वर्गात मज्जासंस्था शिकवते आणि घरी आल्यावर आईच्या आठवणीने हात छातीवरच जातो.

तुमच्या मुलीला प्रकल्पात काही करून दाखवायचं असेल तर हा प्रयोग सुचवते. तोंड लहान असलेली पारदर्शक बाटली घ्या. त्यात चायना ग्रास मऊसर लावा, घट्ट नको, खरवसाइतपत. आता टोक वाकवलेली तार घालून तिला तो ओढून काढायला सांगा. पाच मिनिटांत ती कंटाळेल आणि बाटली जवळजवळ भरलेलीच असेल. मग थोडं पाणी घालून तीच तार जोरात फिरवायला सांगा आणि बाटली उलटी करा. बाटली धुऊन झाली की तिच्यात चतुर्थांशभर खोबरेल तेल घाला, बूच लावून आडवी फ्रिजमध्ये ठेवा. तेल थिजलं की आणखी थोडं गार तेल घाला, गरम घातलंत तर पहिला थर वितळेल, आणि या वेळी बाटली उभी ठेवा. दोन्ही थर थिजल्यावर बाटलीत दोन सपाट पातळ्या दिसतील, एकमेकींशी काटकोनात. शेजारी तुतनखामेनच्या कवटीचं क्ष-किरण चित्र ठेवा आणि काही न सांगता तिला दोन्हींकडे बघू द्या.